एटीमेगा८ काढून ३२८ बसवली, आता मोटर कंट्रोलर चालत नाही. कोड तोच आहे. मदत हवी

विहीरकाठ (शुक्रवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला. आमच्या विहिरीवरच्या मोटरसाठी चार वर्षांपूर्वी एटीमेगा८ या मायक्रोकंट्रोलर चिपवर कंट्रोलर बनवला होता. १६ बाय २ चा एलसीडी, डीएस१३०७ घड्याळ, तिन्ही फेज आहेत का ते पाहायची सोय आणि स्टार्टरला रिले. चार वर्षांत एकदाही उघडावा लागला नाही.

आता त्याला जीएसएम मोड्यूल जोडायचा आहे. रात्रपाळीची लाइट आली, मोटर चालू झाली, फेज गेला, असे मेसेज वडिलांच्या फोनवर जायला हवेत, आणि तेही मराठीत, कारण इंग्रजी मेसेज वाचून दाखवायला घरी कोणी असेलच असं नाही. मराठी मेसेज यूसीएस२ मध्ये पाठवावा लागतो, म्हणजे प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, चार हेक्स आकडे. "मोटर चालू" एवढ्यालाच ३६ बाइट जातात. १५-१६ मेसेज लिहिले आणि ८ केबी संपले.

एटीमेगा३२८ ला ३२ केबी आहेत, पाय तेच २८, जागा तीच. म्हणून पुण्याला गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीतून दोन चिप आणल्या. मेकफाइलमध्ये (कंपाइल करायच्या सूचनांची फाइल) चिपचं नाव बदललं. कंपाइल करताना ढीगभर एरर आल्या, त्या डेटाशीट बघून एकेक करून काढल्या (टीसीसीआर०, टीआयएमएसके, यूसीएसआरए वगैरे). यूएसबीएएसपी प्रोग्रामरने चिप आधी ओळखलीच नाही. क्लॉक हळू केल्यावर ओळखली, पण सिग्नेचर (चिपचा ओळख-क्रमांक) जुळत नाही म्हणाला, म्हणून उणे-एफ (न जुळली तरी पुढे जा) देऊन पुढे गेलो. प्रोग्राम गेला.

आता वीज दिली की एलसीडीच्या पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात. पीबी० वरचा "चालू"चा एलईडी अर्धवट उजेडाने सतत जळतो, खरं तर तो सेकंदाला एकदा लुकलुकायला हवा. दोन्ही चिपचं सेम. जुनी ८ परत बसवली तर सगळं व्यवस्थित चालतं, त्यामुळे बोर्डात दोष नाही. क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झ.

नऊ_व्होल्ट (रात्री १०:१५)

काळे चौकोन म्हणजे एलसीडी इनिशियलाइझ झालेला नाही. डीले वाढवून बघ. नव्या चिपवर माझंही तसंच झालं होतं.

फेजवाला (रात्री १०:३२)

कोडमधलं मला फारसं कळत नाही, मी स्टार्टर-पॅनेलची कामं करतो. पण एक आधी ऐक भावा. हे सगळं चालू असताना रिलेची वायर स्टार्टरपासून सोडवून ठेव. चिप काय करतेय ते तुलाच माहीत नसताना ती कॉन्टॅक्टरला जोडलेली नको. विहिरीवर माणूस असेल, फूटव्हॉल्व्ह काढलेला असेल, काहीही असू शकतं.

विहीरकाठ (रात्री १०:४०)

दादा, बरोबर. बोर्ड घरी टेबलावर आणलाय, रिलेला काहीच जोडलेलं नाही.
@नऊ_व्होल्ट, डीले दुप्पट केला. फरक नाही.

सोल्डरगंध (रात्री ११:०५)

डीलेला हात लावू नका. दोन गोष्टी सांगा. चिपवर नेमकं काय छापलंय, "३२८पी" की नुसतं "३२८"? आणि मेकफाइलमध्ये फ्यूज (चिपच्या आतले सेटिंगचे बिट) लिहिणाऱ्या ओळी आहेत का? असतील तर त्यातले आकडे इथे द्या.

विहीरकाठ (रात्री ११:२०)

ताई, नुसतं ३२८ आहे, पी नाही. मी आत्ता भिंग लावून पाहिलं.
फ्यूज आहेत: लो फ्यूज हेक्स ३एफ, हाय फ्यूज हेक्स सी९. हे मी तेव्हा नीट अभ्यास करून काढले होते आणि चार वर्षं त्यावरच चाललंय.

सोल्डरगंध (रात्री ११:५०)

सापडलं. तुमचे फ्यूज एटीमेगा८ साठी अगदी बरोबर आहेत, आणि नेमके म्हणूनच इथे अडचण आहे. दोन्ही चिपमध्ये फ्यूज बाइटची नावं लो आणि हाय अशीच आहेत, पण आतल्या बिटांचे अर्थ बदललेत. फ्यूजमध्ये ० म्हणजे "चालू" हे लक्षात ठेवून बघा.

लो फ्यूज ३एफ म्हणजे ००११ ११११. एटीमेगा८ मध्ये डावीकडचे पहिले दोन बिट ब्राउन-आउटचे (व्होल्टेज पडलं की रिसेट) आहेत: पातळी ४ व्होल्ट आणि ब्राउन-आउट चालू. ३२८ मध्ये त्याच दोन जागी सीकेडिव्ह८ आणि सीकेआउट बसलेत. म्हणजे तुम्ही नकळत क्लॉकला आठने भागलंत आणि तो भागलेला क्लॉक पीबी० च्या पायावर बाहेर काढलात. तुमचा एलईडी सेकंदाला सुमारे १३.८ लाख वेळा चालू-बंद होतोय. डोळ्याला तो अर्धा उजेड दिसतो.

हाय फ्यूज सी९ म्हणजे ११०० १००१. एटीमेगा८ मध्ये डावीकडून चौथा बिट सीकेऑप्ट. क्रिस्टल जोरात चालवायला आपण सगळेच तो ० करायचो. ३२८ मध्ये त्या जागी डब्ल्यूडीटीऑन आहे. तो ० केला की वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रिसेट करणारा टाइमर) कायमचा चालू, प्रोग्राममधून बंद करता येत नाही, आणि सुरुवातीची मुदत फक्त १६ मिलिसेकंद. एलसीडीला वीज मिळाल्यावर १५ मिलिसेकंद तर नुसतं थांबावं लागतं, त्यात तुमचा क्लॉक आठपट हळू. तो पहिला डीले संपायच्या आत चिप रिसेट होते, पुन्हा तेच. डीले वाढवून हे कधीच सुटलं नसतं.

आता असं करा. हाय फ्यूज हेक्स डी९. लो फ्यूज हेक्स एफ७, म्हणजे फुल स्विंग क्रिस्टल, जुन्या सीकेऑप्टच्या सर्वांत जवळचं. एफएफ दिलं तरी क्रिस्टल चालेल, पण तो लो-पॉवर प्रकार आहे आणि तुमच्याकडे शेजारी कॉन्टॅक्टर वाजणार, म्हणून मी एफ७ च घेईन. ब्राउन-आउट आता तिसऱ्या, एक्स्टेंडेड फ्यूजमध्ये गेलाय: हेक्स एफसी दिलं की ४.३ व्होल्ट. एव्हीआरड्यूडची (चिपवर प्रोग्राम लिहिणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती जुनी असेल तर हा फ्यूज लिहिल्यावर पडताळणीत ०४ वाचलं म्हणून तक्रार करेल. वरचे पाच बिट वापरात नसतात, त्यामुळे ते चालतं.

आणि उणे-एफ कृपया वापरू नका. ३२८ ची सिग्नेचर १ई ९५ १४ आणि ३२८पी ची १ई ९५ ०एफ. चिपचं नाव "एम३२८" द्या, आपोआप जुळेल. आज चिप तशी सारखीच होती म्हणून निभावलं. पण सिग्नेचर न जुळण्याचं कारण कधी सैल वायर असते, आणि तेव्हा उणे-एफने फ्यूज लिहिले तर चिप हातची जाते.

जुनासर्किट (शनिवार, सकाळी ६:३०)

ताईंनी फार चांगलं उलगडून सांगितलं. मी पॉलिटेक्निकला २६ वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. विद्यार्थी फ्यूजचे आकडे एकमेकांच्या वहीतून उतरवायचे, तेव्हा मी वहीत आकड्याखाली आठ बिट आणि प्रत्येकाचं नाव लिहायला लावायचो. विहीरकाठ, तुम्हीही मेकफाइलमध्ये आकड्याच्या वर तसा शेरा लिहा. चार वर्षांनी पुन्हा चिप बदलाल तेव्हा उपयोगी पडेल.

ॲटमेलनेच याच बदलासाठी टिपण काढलं होतं, एव्हीआर०९४, एटीमेगा८ च्या जागी ८८ बसवण्याबद्दल. ८८, १६८, ३२८ एकाच घरातल्या, त्यामुळे त्यातलं बहुतेक सगळं तुम्हाला लागू आहे. २०१६ मध्ये ॲटमेल मायक्रोचिपकडे गेली, पण टिपण अजून शोधलं तर मिळतं.

विहीरकाठ (सकाळी ९:१०)

ताई, सर, एलसीडी चालू झाला! रात्री झोपच लागली नाही, पहाटे उठून फ्यूज लिहिले. घड्याळ बरोबर, फेज बरोबर, एलईडी सेकंदाला एकदा लुकलुकतो.

पण सिरियल मुका आहे. जीएसएम मोड्यूलला एटी ही चाचणीची कमांड पाठवली तर ओके येत नाही. टर्मिनलला जोडून पाहिलं तर काहीच धड येत नाही. ९६०० बॉडसाठी यूबीआरआर (सिरियलचा वेग ठरवणारं रजिस्टर) ७१ आहे, तो जुन्यासारखाच.

सोल्डरगंध (सकाळी ९:४०)

यूसीएसआर०सी मध्ये काय लिहिताय?

विहीरकाठ (सकाळी ९:४५)

हेक्स ८६. आधी यूसीएसआरसी होतं, तिथे फक्त नाव बदललं.

सोल्डरगंध (सकाळी १०:००)

०६ करा. एटीमेगा८ मध्ये यूसीएसआरसी आणि यूबीआरआरएच एकाच पत्त्यावर राहायचे, म्हणून कोणाला लिहायचंय हे सांगायला सर्वांत वरचा यूआरएसईएल बिट १ करावा लागे. ३२८ मध्ये दोघांना वेगळे पत्ते मिळाले, यूआरएसईएल गेला आणि त्या जागी यूएमएसईएल०१ आला. ८६ लिहिलं की यूसार्ट (चिपमधला सिरियलचा भाग) राखीव मोडमध्ये जातो.

तुम्ही बिटाचं नाव लिहून ते सरकवलं असतं तर कंपाइलरने "यूआरएसईएल माहीत नाही" म्हणून अडवलं असतं. आकडा लिहिला म्हणून तो गप्प बसला. कोडमध्ये असे उघडे हेक्स आकडे आणखी कुठे आहेत ते आजच शोधा.

विहीरकाठ (दुपारी १२:३०)

०६ केल्यावर टर्मिनलवर अक्षरं आली. आकडे शोधले, आणखी दोन निघाले, एक एडीसीचा (तो सारखाच आहे) आणि एक टाइमर२ चा. दोन्ही नावांनी लिहिले.

पण आता नवीनच. जीएसएम मोड्यूल जोडला आणि एटी पाठवलं की एलसीडीवर पुन्हा "श्री गणेश मोटर कंट्रोल" येतं, म्हणजे प्रोग्राम पहिल्यापासून. मग परत तेच, परत तेच. मोड्यूल जोडला नाही तर तासभर नीट चालतं.

फेजवाला (दुपारी १२:४५)

पॉवर. जीएसएम नेटवर्क पकडताना २ अँपिअरपर्यंत झटका घेतो. तुझा ७८०५ कोलमडत असणार. मोड्यूलला वेगळी सप्लाय दे, ग्राउंड मात्र एकच ठेव, आणि जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव.

नऊ_व्होल्ट (दुपारी १२:५०)

+१, शंभर टक्के पॉवर.

विहीरकाठ (दुपारी ३:२०)

मोड्यूलला वेगळा बक कन्व्हर्टर दिला, दोन मोठे कपॅसिटर लावले. मीटरवर ५ व्होल्ट हलतसुद्धा नाहीत. तरी तेच.

जुनासर्किट (दुपारी ४:००)

मीटरवर मिलिसेकंदाचा खड्डा दिसत नाही, पण तो नसेलच असंही म्हणता येत नाही. चिपलाच विचारा. ती रिसेट का झाली हे एमसीयूएसआर मध्ये लिहून ठेवते. ० क्रमांकाचा बिट वीज नव्याने आली, १ बाहेरून रिसेट, २ ब्राउन-आउट, ३ वॉचडॉग. प्रोग्राम सुरू होताच तो वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, लगेच शून्य करा, आणि स्वागताच्या ओळीशेजारी आकडा दाखवा. सप्लाय कोलमडत असेल तर ४ मिळून आलेला आकडा दिसेल.

दुसरं, हे चक्र सुरू असताना जीएसएमची वायर उपटली तर थांबतं का? आणि रिसेटचं बटण दाबलं तर?

विहीरकाठ (संध्याकाळी ५:१०)

सर, वीज दिल्यावर पहिल्यांदा ५ दिसलं (१ आणि ४). एटी पाठवल्यावर पुन्हा सुरू झालं तेव्हा ०. त्यानंतर दर वेळी ०.
जीएसएमची वायर काढली तरी चक्र थांबत नाही! रिसेट बटण दाबलं की थांबतं. मोड्यूल काढून बटण दाबलं तर नीट चालतं.

जुनासर्किट (संध्याकाळी ५:३५)

मग चिप रिसेट होतच नाही. शून्य म्हणजे चारपैकी एकही कारण घडलेलं नाही. रिसेट न होता प्रोग्राम पहिल्या पत्त्यावर उडी मारतोय. फेजवाल्यांचा सल्ला मोड्यूलसाठी योग्यच होता, ती वेगळी सप्लाय काढू नका. पण आजार दुसरा आहे.

एव्हीआर जीसीसीमध्ये एखादा इंटरप्ट (काही घडलं की चालू काम थांबवणारी हाक) चालू केला आणि त्याचा हँडलर (तेव्हा चालायचं फंक्शन) लिहिला नाही, तर तो इंटरप्ट आल्यावर प्रोग्राम पत्ता शून्यावर जातो. एक बाइट आला, हँडलर नाही, उडी शून्यावर. तुमचा प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो, पण खरा रिसेट नसल्याने यूसार्टमध्ये तो बाइट अजून न वाचलेला पडून असतो. पुन्हा इंटरप्ट चालू केले की लगेच तोच इंटरप्ट, पुन्हा उडी. म्हणून वायर काढूनही थांबत नाही, आणि खऱ्या रिसेटने यूसार्ट साफ होतो म्हणून बटणाने थांबतं.

तुमच्या रिसीव्ह हँडलरचं नाव काय लिहिलंय ते बघा.

विहीरकाठ (संध्याकाळी ५:४०)

यूसार्ट_आरएक्ससी_व्हेक्ट. जुनंच. कंपाइलरने एरर दिली नाही म्हणून तिकडे पाहिलंच नव्हतं.

सोल्डरगंध (संध्याकाळी ५:५५)

३२८ मध्ये यूसार्ट_आरएक्स_व्हेक्ट. सी नाही.

कंपाइलरने एरर नाही, पण वॉर्निंग दिली असणार: हे सिग्नल हँडलरचं नाव चुकलेलं दिसतंय, अशा अर्थाची. रजिस्टरचं नाव चुकलं तर तो अडवतो, हँडलरचं चुकलं तर ते साधं फंक्शन समजून पुढे जातो. टाइमर२ चा कंपेअर इंटरप्ट वापरत असाल तर तेही नाव बदललंय, आता शेवटी ए किंवा बी लागतो. टाइमर१ ची नावं तशीच आहेत. इथून पुढे वॉर्निंगलाच एरर मानण्याचा पर्याय मेकफाइलमध्ये लावून टाका.

जुनासर्किट सर, एमसीयूएसआर शून्य येण्यावरून निदान करायची ही पद्धत मी उद्या ऑफिसमध्ये मुलांना दाखवणार आहे.

विहीरकाठ (संध्याकाळी ६:२०)

खरंच वॉर्निंग होती, अकरापैकी सातवी. एक अक्षर काढलं आणि ओके आलं! आधीच्या सगळ्या वॉर्निंगही बसून साफ केल्या.

वॉचडॉग आता परत घालू का? मूळ कोडमध्ये दोन सेकंदांचा होता, तपासणीसाठी काढलाय.

जुनासर्किट (संध्याकाळी ७:००)

घाला, शेतावर तो हवाच. पण इथेही दोन चिपमध्ये फरक आहे. एटीमेगा८ वॉचडॉगने रिसेट झाली की वॉचडॉग बंद अवस्थेत सुरू व्हायची. ३२८ मध्ये तो चालूच राहतो, आणि तुमच्या दोन सेकंदांवर नाही, सर्वांत कमी १६ मिलिसेकंदांवर. एमसीयूएसआर मधला वॉचडॉगचा बिट जोवर १ आहे तोवर तो बंदही होत नाही. म्हणजे रोज सगळं उत्तम चालेल आणि ज्या दिवशी वॉचडॉगची खरी गरज पडेल त्या दिवशी पुन्हा ते काळे चौकोन.

म्हणून आधी एमसीयूएसआर वाचून शून्य करायचा, लगेच वॉचडॉग बंद करायचा, आणि हे मेनच्याही आधी, इनिट३ विभागात ठेवलेल्या छोट्या फंक्शनमध्ये. एव्हीआर लिबसीच्या वॉचडॉगच्या पानावर तयार नमुना आहे. मग मेनमध्ये सगळं सुरू झालं की दोन सेकंदांचा वॉचडॉग लावा. आणि मुद्दाम अनंत लूप टाकून तपासा. न तपासलेला वॉचडॉग मी तरी धरत नाही.

नऊ_व्होल्ट (रात्री ८:१५)

विहीरकाठ, तुमच्या धाग्यात माझा प्रश्न विचारतो, माफ करा. मीही ८ वरून ३२८पी वर आलोय. सिरियलवरून डिस्प्ले बोर्डला मजकूर पाठवतो, पाठवणं यूडीआरई (पुढचं अक्षर घ्यायला जागा झाली) इंटरप्टने. दिवसातून एक-दोनदा एखादं जास्तीचं अक्षर जातं. ८ वर हे कधीच नव्हतं. नावं सगळी बरोबर आहेत, वॉर्निंग एकही नाही.

सोल्डरगंध (रात्री ९:००)

मेनमध्ये यूसीएसआर०बी ला कुठे "किंवा" करून एखादा बिट लावता का? रिसीव्ह इंटरप्ट चालू-बंद करायला वगैरे?

नऊ_व्होल्ट (रात्री ९:०५)

हो, मेसेज हाताळताना आरएक्ससीआयई (रिसीव्ह इंटरप्टचा बिट) बंद करतो आणि नंतर चालू करतो.

सोल्डरगंध (रात्री ९:३०)

मग तेच. एटीमेगा८ मध्ये यूसीएसआरबी खालच्या ३२ पत्त्यांत होता, त्यामुळे कंपाइलर ती ओळ एकाच एसबीआय सूचनेत करायचा. मधे कोणी शिरू शकत नव्हतं. ३२८ मध्ये तो हेक्स सी१ वर गेलाय, तिथे एसबीआय पोचत नाही. आता वाचा, बदला, लिहा अशा तीन सूचना लागतात.

समजा मेनने वाचलं तेव्हा यूडीआरआयई (पाठवण्याच्या इंटरप्टचा बिट) चालू होता. नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, शेवटचं अक्षर पाठवलं आणि यूडीआरआयई बंद केला. परत येऊन मेनने मघाशी वाचलेली जुनी प्रत लिहिली. यूडीआरआयई पुन्हा चालू, पाठवायला काही नाही, तरी इंटरप्ट येतो आणि बफरमधलं शिळं अक्षर जातं. दोन सूचनांच्या फटीत हे घडावं लागतं, म्हणून दिवसातून एकदाच.

ती ओळ ॲटॉमिक ब्लॉकमध्ये (तेवढा वेळ इंटरप्ट बंद) टाका. शिवाय हँडलरमध्येही बफर रिकामा असेल तर काहीच पाठवू नये अशी तपासणी ठेवा. एडीसीएसआरए चंही तसंच, तोही आता वर गेलाय.

मला हे कळायला एका प्रोजेक्टमध्ये तीन आठवडे लागले होते. ओळ तीच, ओळीचा अर्थ तोच, आणि चिप बदलल्यावर ती ओळ सुरक्षित राहत नाही. सी वाचून हे दिसतच नाही, असेंब्लीची लिस्टिंग उघडावी लागते.

नऊ_व्होल्ट (रविवार, रात्री ९:१०)

ताई, जवळजवळ २४ तास झाले, एकही जास्तीचं अक्षर नाही. खूप आभार. आणि विहीरकाठ, डीले वाढवा असं मी न विचार करता सांगितलं होतं, तुमचा वेळ गेला.

विहीरकाठ (रात्री १०:००)

अरे, त्यात काय. तू लगेच उत्तर दिलंस म्हणून धागा वर राहिला आणि ताईंनी पाहिला.

इनिट३ वालं फंक्शन घातलं. अनंत लूप टाकून पाहिला: दोन सेकंद अडकतं, रिसेट होतं, एलसीडीवर ८ दाखवतं आणि पुढे नीट चालू होतं. मग ते फंक्शन मुद्दाम काढून पाहिलं, तर सरांनी सांगितले तसेच काळे चौकोन. परत घातलं.

आज दुपारी विहिरीवर बसवून आलो. पाठवायचे सगळे मेसेज ७० अक्षरांच्या आत बसवलेत, म्हणजे एका एसएमएसमध्ये मावतात. रात्री ८ वाजून ४ मिनिटांनी वडिलांच्या फोनवर आलं: "लाइट आली. तिन्ही फेज आहेत. मोटर चालू." वडिलांनी चष्मा लावून स्वतः वाचलं आणि म्हणाले, आता बॅटरी घेऊन बांधावरनं जायला नको.

फेजवाला (रात्री १०:२०)

वा! आता एकच कर. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला समांतर आरसी स्नबर लाव, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, कपॅसिटर एक्स२ प्रकारचाच घे. कॉइल सुटताना जो ठिणगीचा दणका येतो तो तुझ्या बोर्डापर्यंत पोचणार नाही. मेन स्विच पाडून मगच हात घाल.

विहीरकाठ (रात्री १०:३१)

लावतो दादा. मंगळवारी तासगावला जाणार आहे, तेव्हा कपॅसिटर आणतो. कोड आणि मेकफाइल, फ्यूजच्या प्रत्येक बिटाचं नाव वर लिहून, उद्या इथेच टाकतो.